शप्रिंत्सेला

तीन आठवडे झाले, एका नावापाशी अडकले आहे. शप्रिंत्से. शोलेम अलेइखेम यांच्या तेव्ये गवळ्याची ही लेक. तिची १९०७ सालची यिडिश कथा हिलेल हाल्किन यांच्या इंग्रजी अनुवादावरून मी इथे बेंगळुरूत बसून मराठीत आणते आहे. ‘एस्पेरान्सा’ या स्पॅनिश शब्दापासून हे नाव आलं, असं मानतात. म्हणजे आपल्याकडची आशाच.

आधी अक्षरांचा घोळ. ‘चमचा’तला च मराठीत आहे, मग ‘शप्रिंचे’ का लिहू नये? पण एकारापुढे आपली जीभ तो ‘चहा’तला च करून टाकते, आणि डोळ्याला ते ‘शप्रिं’ नावाच्या कुणाचं तरी षष्ठीचं रूप वाटतं. म्हणून ‘त्से’.

खरी अडचण विभक्तीची. इंग्रजी वाक्यात हे नाव कुठेही ठेवा, कर्ता म्हणून किंवा कर्म म्हणून, ते जसंच्या तसं राहतं. फार तर मागे एक ‘एस’ लागतो. मराठीत मात्र नावाला वाकावं लागतं. ‘शप्रिंत्सेला’ लिहिलं की वाचकाला वाटणार, मुलीचं नाव ‘शप्रिंत्सा’. सीता-सीतेला, राधा-राधेला, तसंच. पहिल्या खर्ड्यात मी घाबरून सगळीकडे ‘त्या मुलीला’, ‘धाकटीला’ असं लिहून वेळ मारून नेली होती. वाचून पाहिलं तर मुलगी कथेतून नाहीशीच झाली होती.

शेजारी कन्नडच्या निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांना विचारलं, तुमच्याकडे काय होईल? क्षणभरही न थांबता म्हणाल्या, “शप्रिंत्सेयन्नु.” मध्ये य आला, प्रत्यय लागला, संपलं. नाव परकं आहे का, हा प्रश्नच त्यांना पडला नाही.

मग यिडिशचं व्याकरण उघडलं आणि थांबलेच. यिडिशमध्येही माणसाचं नाव वाकतं! तिला पाहिलं, तिला दिलं, असं म्हणताना ‘शप्रिंत्सेन’ होतं. तिचं काही असेल तर ‘शप्रिंत्सेस’. इंग्रजीत येताना त्यातला ‘न’ गळून पडला. मी ‘ला’ लावते तेव्हा नावाची मोडतोड करत नाही, वाटेत हरवलेलं काहीतरी परत देते.

हे काम आपल्याकडे पूर्वीच झालेलं आहे. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंनी अब्राहमचा अबाजी, सॅम्युएलचा समाजी, बेंजामिनचा बनाजी केला. त्या ‘जी’बरोबर आदरार्थी अनेकवचनही आलं: अबाजींनी, समाजींना. हिब्रू नावाला मराठी घरातला मान मिळाला. इथे बेंगळुरूत म्हैसूर रोडवर ज्यूंचं कब्रस्तान आहे, १९०४ पासूनचं. तिथल्या सुरुवातीच्या कबरींपैकी एक सुभेदार सॅम्युएल नागावकर यांची. पलटणीचा हुद्दा, बायबलमधलं नाव आणि कोकणातल्या गावाला लागलेला ‘कर’. तिथे जाऊन तीन शब्दांचं हे नाव मी मोठ्यानं म्हणून पाहिलं, मग त्याला ‘नी’ लावून पाहिलं. कुठेही खडा लागला नाही.

घरी येऊन सगळे ‘त्या मुलीला’ काढून टाकले. तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. राधा हाक मारताना ‘राधे’ होते, गंगा ‘गंगे’ होते. शप्रिंत्से मुळातच एकारान्त. मराठी कानाला हे नाव साध्या विधानातही हाकेसारखं ऐकू येतं. कथा सांगणारा तिचा बाप आहे, आणि शेवटी ती नदीत जीव देते. तेव्ये पोचतो तेव्हा काठावर गर्दी जमलेली असते, तिचे डोळे उघडे असतात. त्या परिच्छेदात नाव जिथे जिथे येतं, तिथे मला काहीच करावं लागलं नाही; बाप नुसतं सांगत असतो आणि मराठीत तो तिला हाका मारत राहतो.