बोटांसाठी काढलेली आकृती

दृष्टिहीन विद्यार्थ्याला आपल्याकडे गणित-विज्ञानातून ‘सवलत’ मिळते. ती दयेपोटी दिलेली असते आणि बहुतेकदा त्याचा विज्ञानशाखेचा रस्ता तिथेच संपतो. दिल्लीच्या कार्तिक साहनी यांना अकरावीत विज्ञान घेण्यासाठी केंद्रीय मंडळाशी झगडावे लागले. 2013 साली त्यांनी बारावी विज्ञानात 96 टक्के गुण मिळवले. तरी आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेला बसता आले नाही, ते स्टॅनफर्डला गेले. अशी जिद्द प्रत्येक मुलाकडून का मागायची? साधने नीट असतील तर ती मागावी लागणार नाही, असे रामटेकला बसून काही वर्षे या साधनांचा अभ्यास केल्यावर माझे मत झाले आहे.

‘साधन’ म्हटले की छापील चित्र उठावदार करणे, एवढेच बहुतेकांना सुचते. हा प्रयोग जुना आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये व्हॅलेंतँ आवी यांनी अंध मुलांसाठी उठावदार रोमन अक्षरांची पुस्तके छापली. अक्षरे डोळ्याला सुबक, बोटाला मात्र फार संथ. त्याच शाळेत शिकलेल्या लुई ब्रेलने अक्षराचा आकारच सोडून दिला आणि एका बोटाच्या पेराखाली मावतील असे सहा ठिपके घेतले.

हे विज्ञानाच्या आकृत्यांनाही लागू आहे. डोळा आकृती एका नजरेत घेतो, बोट ती तुकड्यातुकड्याने गोळा करते. दोन रेषांत साधारण दोन मिलिमीटरचेही अंतर नसेल तर बोटाला त्या एकच वाटतात. पुस्तकातले हृदय नावांच्या डझनभर रेघांसह उठावात आणले, तर बोटाखाली येते ते कोळ्याचे जाळे. त्याची तीन पाने करावीत : पहिल्यावर नुसती बाह्यरेषा, दुसऱ्यावर चार कप्पे, तिसऱ्यावर रक्ताची वाट. शुद्ध-अशुद्ध रक्तासाठी लाल-निळ्याऐवजी खरखरीत आणि गुळगुळीत. घनाच्या तिरक्या रेषांचे चित्र तर काढूच नये. तो डोळ्यांनी आपसांत केलेला करार आहे. हातात खोके द्यावे.

गणितात हे शहाणपण आधीच आले होते. अंध विद्यालयांतल्या टेलर पाटीवर अष्टकोनी भोके असतात. टाइपच्या एका टोकाला कड, दुसऱ्या टोकाला दोन टोचे; आठ दिशा आणि दोन टोके मिळून सोळा चिन्हे. अंकांच्या आकाराची नक्कल कुठेच नाही.

शिवाय सगळे विज्ञान आकृतीत नसतेच. रामटेकजवळ मनसर आणि कांद्रीला मँगनीजच्या खाणी आहेत. तिथला धातुकाचा दगड एका हातात आणि तेवढीच गारगोटी दुसऱ्या हातात दिली, की घनता फळ्यावर लिहावी लागत नाही. आम्लारी ओळखायला लिटमसचा रंगच कशाला हवा? एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात कांद्याचा प्रयोग आहे : कांद्याचा वास आम्लात टिकतो, आम्लारीत जातो. तो डोळस मुलांनाही नाकाने करायला लावावा.

आणि हे शाळेपुरते नाही. वयाच्या तिसऱ्या वर्षी दृष्टी गेलेले गीरात व्हर्माय शिंपल्यांचे जगन्मान्य अभ्यासक झाले. खेकड्यांच्या हल्ल्यानंतर भरून आलेले शिंपल्यावरचे व्रण त्यांनी बोटांनी वाचले आणि त्यांवरून भक्ष्य-भक्षकांच्या कोट्यवधी वर्षांच्या चढाओढीचा सिद्धान्त मांडला.

खेड्यातल्या शाळेने महागड्या यंत्राची वाट पाहू नये. मेंदीच्या कोनात फेविकॉल भरून जाड पुठ्ठ्यावर रेघ ओढली, की रात्रीतून ती वाळून उठून येते. खरखरीत भागाला पॉलिशपेपर, रक्तवाहिनीला सुतळी. मात्र शिक्षकाने डोळे मिटून स्वतःच तपासणी उरकू नये. त्याने ती आकृती आधी पाहिलेली असते. पुठ्ठा मुलाच्या हाती द्यावा, कशाची आकृती आहे ते सांगू नये आणि काय सापडले ते त्याला विचारावे. जिथे बोट अडखळते, ती रेघ खरवडून काढावी.