गेलेल्या नजरेचा हिशोब

कुंडलिकेच्या या काठावर आमचे नवीन जालना. जालन्याची सळई सगळ्यांना ठाऊक. पण ग्राइंडरवर उडालेल्या कणाने एखाद्याचा डोळा गेला, की आमच्या मोहल्ल्यात म्हणतात, "नशीब त्याचं!" असेलही, पण या नशिबाचा हिशोब 1923 च्या कायद्याने लावून ठेवला आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत आला, इतकेच.

डोळा वेगळा आणि नजर वेगळी, हे फक्त कवींना कळते असे मी समजत होतो. कायदाही तो भेद करतो! दुसरा डोळा चांगला असताना एक डोळाच गेला, तर कमाईची शक्ती 40 टक्के घटली असे धरतात. डोळा जागेवर आहे, पण दृष्टी गेली, तर 30 टक्के. चाळीस वर्षांच्या कामगाराचा पगार 10,000 धरू. त्याचे 60 टक्के, म्हणजे 6,000, गुणिले वयाचा गुणक 184.17, आणि त्याचे 30 टक्के : 3,31,506 रुपये. औषधोपचाराचा खर्च वेगळा.

"चष्मा घातला नव्हता," ही मालकाची ठरलेली सबब. चष्मा दिलेला असून कामगाराने जाणूनबुजून काढला असेल, तरच ती टिकते. चष्मा दिलाच नसेल तर कसली सबब? माणूस ठेकेदाराचा असला तरी कारखान्याच्या कामावर होता, तर कारखानदारावर दावा करता येतो. ईएसआयचा विमा असेल तर मात्र भरपाई तिथूनच मिळते.

दाव्याला मुदत दोन वर्षांची. आणि पहिल्याच दिवशी दवाखान्याच्या कागदावर 'कामावर असताना इजा' हे शब्द लिहून घ्या. पुष्कळदा तिथे 'घरी लागले' असे लिहिलेले असते.