स्टेनलेस स्टील तडकतं तेव्हा

अंबाजोगाईत बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोलर हीटरची टाकी बाहेरून चकचकीत असूनही वेल्डिंगजवळ केसाएवढी भेग पडून गळू शकते. पाण्यातलं क्लोराइड, साधारण ६० अंशांपुढचं तापमान आणि धातूत उरलेला ताण एकत्र आले, की स्टील फारसं न झिजताच चिरतं.

मेख मिश्रधातूच्या घडणीतच आहे. सर्वाधिक खपाच्या ३०४ या ग्रेडमध्ये क्रोमियम १८ आणि निकेल ८ टक्क्यांच्या आसपास. उकळत्या मॅग्नेशियम क्लोराइडमधल्या चाचण्यांत नेमकं एवढ्याच निकेलचं स्टील सर्वांत लवकर तडकतं! निकेल ४० टक्क्यांपुढे नेलं तर धोका जवळपास संपतो, पण खिसाही रिकामा होतो. उलट, निकेल जवळजवळ नसलेलं ४३० या भेगांना सहसा दाद देत नाही. २२०५ हे ड्युप्लेक्स स्टील मधला मार्ग काढतं: क्रोमियम २२, निकेल ५, मॉलिब्डेनम ३ टक्के. ३१६ मधलं मॉलिब्डेनम खड्डे पडणं लांबवतं. गरम खाऱ्या पाण्यात तडकणं मात्र टळत नाही.

कार्बनची खोड वेगळी. वेल्डिंगच्या उष्णतेत तो कणांच्या सीमेवरचं क्रोमियम ओढून घेतो आणि ती जागा कमकुवत पडते. १९६९ मध्ये सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या ज्या प्रकारच्या, त्या प्रकारच्या परदेशी भट्ट्यांत ३०४ चे पाइप यामुळेच तडकले. पुढे अशा ठिकाणी कमी कार्बनच्या स्टीलवर भर आला.

क्लोराइडचा धोका टाकीपुरताच नाही. १९८५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या उस्टर इथं जलतरण तलावाचं छत कोसळून १२ जण दगावले. छत पेलणाऱ्या स्टेनलेस सळ्या क्लोराइडमुळे तडकल्या होत्या.

टाकी घेताना स्टीलचा ग्रेड विचारा, आणि त्याआधी बोअरच्या पाण्यातलं क्लोराइड तपासून घ्या.