होडी घेण्याआधी धक्क्याचा हिशेब करा

विठ्ठलवाडीला उतरून उल्हासनगरच्या कापड बाजारात जाणाऱ्या व्यापाऱ्याला समुद्राची आठवण होण्याचे कारण नाही. पण इथून वाहणारी वालधुनी कल्याणला उल्हास नदीला मिळते आणि तिथे भरतीचे पाणी पोहोचते. सध्या दोन पैसे गाठीला असलेल्या काही बांधवांना सैरसपाट्यासाठी छोटी होडी घ्यावी असे वाटू लागले आहे. शौक चांगला आहे. पण होडीच्या किमतीची चौकशी सगळे करतात, ती बांधणार कुठे हे कोणी विचारत नाही.

पहिली गोष्ट, सार्वजनिक धक्का म्हणजे होडीचे गोदाम नव्हे. भिवंडीच्या गल्लीत ट्रक माल उतरेपर्यंत उभा राहतो, रात्रभर दार अडवत नाही. तसेच इथे. माणसे चढवा-उतरवा आणि पायऱ्या मोकळ्या करा. मुंबईत गेटवेसमोर पाहा. श्रीमंतांच्या शिडाच्या नौका पायऱ्यांना बांधलेल्या नसतात; त्या आत पाण्यात बोयांना बांधतात आणि मालक लहान होडीतून काठाला येतात.

दुसरी गोष्ट भरतीची. दिवसात साधारण दोनदा पाणी चढते, दोनदा उतरते, आणि वेळ रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणात हा फरक चार मीटरहूनही जास्त असतो. कोळी लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमीला सुमारे सहा. हा हिशेब समुद्रकाठचा. खाडीत आत भरती उशिरा पोहोचते, म्हणून तिथल्याच मच्छीमाराला विचारावे. आपल्या घरात चांदची तारीख माहीत असतेच. नवा चांद दिसल्यानंतरचे दोन-तीन दिवस आणि १४ ते १७ तारखेला उधाण, ८-९ आणि २२-२३ च्या सुमारास भांग, म्हणजे चढउतार कमी.

होडी धक्क्याला घट्ट बांधली तर ओहोटीत ती दोरावर लटकते. भरतीत धक्क्याच्या कडेखाली अडकली तर पाणी आत शिरते. शिवणीला माया सोडतो तशी दोराला माया सोडावी : चढउताराच्या तिप्पट लांबी, एक दोर दूर पुढे, एक दूर मागे. तोंड प्रवाहाकडे. मध्ये जुने टायर. पाणी उतरल्यावर होडी चिखलात बसणार, म्हणून सपाट तळाची घ्यावी. खोल तळाची कलंडते. पावसाळ्यात खाडीत ठेवूच नये. २६ जुलै २००५ चा पूर कल्याणकर विसरलेले नाहीत. २०१९ च्या जुलैत तर याच उल्हासच्या पाण्याने बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकवली.

कागदपत्रांचे थोडक्यात : इंजिनाच्या होडीला २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली नोंदणी लागते. बंदरे व जेट्टी यांचा कारभार महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे आहे.

आता मुद्द्याचे. २०१६ च्या कायद्याने वसई खाडी व उल्हास नदीला राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ ठरवले. डोंबिवली, काल्हेर, कोलशेत, भाईंदर अशा ठिकाणच्या जेट्टींची योजना पुढे आली. वसई-भाईंदर रो-रो फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरूही झाली. या जेट्टी मोठ्या बोटींचा विचार करून आखल्या जातात. उंच काँक्रीटच्या भिंतीला छोटी होडी लावताच येत नाही. बाजूला पाण्याबरोबर वर-खाली होणारा एक तरंगता फलाट आणि भिंतीत चार-सहा लोखंडी कड्या एवढेच हवे. खर्च फार नाही, पण बांधकामानंतर कोणी करून देत नाही. शौकिनाबरोबर मच्छीमाराची, भाजीवाल्याचीही सोय होईल. होडी दुरुस्त करणारा सुतार, फायबरचे काम करणारा, दोर-जाळीवाला, कॅनव्हासचे आच्छादन शिवणारा आपला कारीगर, यांना काठावर काम मिळेल. कल्याण, भिवंडी, ठाण्याच्या आपल्या व्यापारी मंडळांनी नकाशे पक्के होण्याआधी बोर्डाला लेखी द्यावे, आणि अर्जात छोट्या होडीला थांबण्याची मुदत किती व शुल्क किती, हे फलकावर लिहिण्याची मागणीही घालावी.