‘दद्रुघ्न’ आणि ‘खाज’ : नावाची साक्ष कितपत ग्राह्य?

पावसाळा लागला की पारनेरकडील पडीक जमिनीत टाकळा माजतो. त्याचा कोवळा पाला भाजीस लागतो. बिया वाटून नायट्यावर लावण्याची रूढीही जुनीच आहे. संस्कृतात या वनस्पतीस ‘चक्रमर्द’ व ‘दद्रुघ्न’ म्हणतात. ‘दद्रु’ म्हणजे नायटा. ‘चक्र’ हे त्याच्याच वाटोळ्या कड्यास उद्देशून असावे. नावातच गुण सांगितलेला असला, की ते नाव पुरावा म्हणून स्वीकारण्याचा मोह होतो. भाषाभ्यासकाने तरी त्यास बळी पडू नये. व्युत्पत्ती ही काही प्रयोगाची जागा घेऊ शकत नाही.

येथे मात्र नाव बरेचसे खरे ठरले. टाकळ्याच्या बियांतील प्रमुख बुरशीनाशक द्रव्य क्रायसोफॅनिक आम्लाचे अँथ्रोन होय, असे १९७५ साली दाखविण्यात आले. नायटा हा बुरशीचाच रोग असल्याने रूढीस आधार मिळाला. तो प्रयोगशाळेतील आहे, रुग्णांवरील नव्हे, एवढे ध्यानात ठेवावयाचे.

खरी अडचण ‘खाज’ या शब्दाची आहे. संस्कृत ‘खर्जू’, प्राकृत ‘खज्जू’, मराठी ‘खाज’ ही परंपरा सरळ दिसते; ‘खरूज’ही त्याच कुळातील. परंतु खाज हे लक्षण, तर खरूज हा सूक्ष्म किडीमुळे होणारा रोग. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील कंडूघ्न गणात निंब, करंज, दारुहळद इत्यादी दहा द्रव्ये येतात. तो गणही लक्षणाचा आहे, कारणाचा नव्हे. शरीरातही खाजेची वाट एक नाही. खाजकुयलीच्या कुसांतील म्यूक्युनेन हे द्रव्य हिस्टामिनवाचूनच खाज उठविते; म्हणून तेथे हिस्टामिनविरोधी गोळी फारशी उपयोगी पडत नाही.

कडुनिंब व हळद यांच्या लेपाने ८१४ खरूजग्रस्तांपैकी ९७ टक्के तीन ते पंधरा दिवसांत बरे झाल्याचे १९९२ साली प्रसिद्ध झाले. आकडा मोठा खरा, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. मुलाची खरूज ‘खाज’ समजून त्यावर टाकळा लावीत बसल्यास कीड घरभर पसरते. तेथे परमेथ्रिनसारखे औषध घरातील सर्वांनी एकाच वेळी लावावे लागते. निंबतेल तान्ह्या मुलांना पाजल्याने गंभीर विषबाधा झाल्याच्याही नोंदी आहेत. म्हणून बोलीतील वनस्पतिनामे गोळा करणाऱ्या विद्यार्थ्याने ‘खाजेवर उपयुक्त’ एवढेच टिपून थांबू नये. पुरळ कसे, कोठे, रात्री वाढते काय, घरात आणखी कोणास आहे, हे सांगणाऱ्याच्याच शब्दांत उतरून घ्यावे.