दौंडला गाडीचं तोंड फिरतं तेव्हा

मनमाडकडून पुण्याला जाणारी गाडी दौंडच्या फलाटावर थांबली की आधी चहावाले हलतात, मग पॉइंट्समन. इंजिन आणि पहिला डबा यांच्यामधल्या फटीत तो वाकून शिरतो. हवेच्या नळ्यांच्या तोट्या बंद करतो, नळ्या सोडवतो. अडकलेली हवा फस्सकन बाहेर येते आणि खिडकीत डुलकी घेणारा हटकून दचकतो. त्यानंतर कपलिंग. पॉइंट्समन बाहेर येऊन हात दाखवतो आणि इंजिन गाडीला सोडून एकटंच निघून जातं.

पुढचं काम फलाटाच्या दुसऱ्या टोकाला. इंजिन शेजारच्या रुळावरून सगळी गाडी मागे टाकत शेपटीकडे जातं आणि तिथे जोडलं जातं. गार्डसाहेब आपलं सामान घेऊन उलट्या दिशेने चालू लागतात. रेल्वेने त्यांचं पद आता ‘ट्रेन मॅनेजर’ केलंय, पण फलाटावर त्यांना सगळे गार्डच म्हणतात. शेवटच्या डब्यामागची ‘एलव्ही’ अक्षरांची पाटी काढून आता शेवटचा झालेल्या डब्याला लागते. ड्रायव्हर ब्रेकच्या नळीतला दाब कमी करतो, दुसऱ्या टोकाला गार्ड काटा उतरलेला पाहतो. म्हणजे हवा गाडीभर पोचली. मग सिग्नल, शिट्टी, आणि गाडी आली तिकडेच निघते. डब्यात कुणीतरी नवखा दर वेळी ओरडतो, “अहो, गाडी परत चालली की!” आणि समोरचे काका वर्तमानपत्रातून मान न काढता सांगतात, “बसा हो, दौंड आहे.”

हा कारभार मी बराच काळ नुसती करमणूक म्हणून पाहत होतो. एका गाडीचं हे फिरणं साधारण वीस-पंचवीस मिनिटांत उरकतं. खरा खर्च मात्र त्या मिनिटांपुरता नसतो. तेवढा वेळ फलाट अडलेला, सुटं इंजिन यार्डाचं तोंड ओलांडतंय, म्हणून दुसरी एखादी गाडी सिग्नलबाहेर ताटकळलेली. दौंडवरून मुंबई–सोलापूर–दक्षिण ही मोठी वाहतूक जाते. तिच्या मध्यात दिवसभर अशा किती गाड्यांची तोंडं फिरवायची? वेळापत्रक करणाऱ्याच्या कागदावर शहरं दिसतात ती नंतर. आधी दिसतात अशा अडणाऱ्या जागा. गाडीचा मार्ग बदलला की आपण पुढाऱ्यांचा हात शोधतो, आणि तो कधीकधी असतोही. पण बऱ्याचदा कारण एखाद्या सांध्यात लपलेलं असतं.

दौंडचा सांधा १८७८ सालचा. त्याआधीच जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेच्या मुंबईहून निघालेल्या वाटा कल्याणला फुटून दोन घाट चढल्या होत्या. एक कसाऱ्याच्या थळ घाटाने मनमाड-भुसावळकडे, दुसरी कर्जतच्या बोरघाटाने पुणे-सोलापूरकडे. दोन्ही घाटांत ३७ फुटांना १ फूट असा चढ, म्हणून गाडीला मागून रेटा द्यायला आजही बँकर इंजिनं लागतात. उत्तरेचा माल दक्षिणेला न्यायचा तर एक घाट उतरून दुसरा चढणं आलं. ते टाळायला घाटमाथ्यावरूनच दौंड–मनमाड असा सुमारे २३५ किलोमीटरचा रूळ टाकला. त्याचा रोख उत्तर-दक्षिण होता. म्हणून मनमाडची लाईन दौंडात शिरते ती सोलापूरकडे तोंड करून. दिल्ली–बंगळुरू कर्नाटक एक्सप्रेस तिथून सरळ निघून जाते. पुण्याला जाणाऱ्याने वळायचं. गाड्यांच्या या ये-जेवर भीमेकाठी अख्खं रेल्वेगाव वसलं. शेड, क्वार्टर, अँग्लो-इंडियन कुटुंबांचे बंगले आले, आणि पुण्यातही ‘दौंडचा’ म्हटलं की ‘रेल्वेत का?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला.

आता गावाबाहेर एक छोटी जोडलाईन झाली आहे. मनमाडची गाडी दौंड जंक्शनात न शिरता तिच्यावरून थेट पुण्याच्या रुळाला लागते. तिथे ‘दौंड कॉर्ड लाईन’ नावाचं वेगळं स्टेशन आहे. बऱ्याच गाड्या आता तिथेच थांबतात. गाडीची मिनिटं वाचली. सोलापूरहून येऊन नगर-मनमाडची गाडी धरणाऱ्याला मात्र बोचकी उचलून एका स्टेशनातून दुसऱ्यात जावं लागतं. मिनिटं नाहीशी होत नाहीत, हमालीसारखी दुसऱ्याच्या डोक्यावर जातात.

सांधे इतरही होते. पुणे–मिरज मीटरगेज होतं तोवर मुंबईहून थेट कोल्हापूरला गाडी जाणं शक्यच नव्हतं. १९७१ साली रुंद रूळ झाले आणि पुण्याला गाडी बदलणं संपलं. इगतपुरीला १५०० व्होल्ट डीसी वीज संपून २५,००० व्होल्ट एसी सुरू होई, म्हणून तिथे इंजिन बदलावंच लागे. दोन्ही विजांवर चालणारी इंजिनं आली, पुढे मुंबईपर्यंत एसी झालं आणि इगतपुरीचा तो सक्तीचा मुक्काम सुटला. सगळ्यात मोठी उलथापालथ केली १९९८ साली पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेने. मुंबईहून केरळला जाणारी नेत्रावती पुणे-सोलापूरचा वळसा सोडून कोकणात उतरली. दिल्लीहून नागपूरमार्गे जाणारी मंगला तर मनमाड, कल्याण, पनवेल अशी अर्धा देश ओलांडून इकडे सरकली.

माझ्या मते या सगळ्यांत बोलकी गोष्ट हुतात्मा एक्सप्रेसची. भुसावळ–पुणे ही गाडी नाशिकवरून कसारा घाट उतरायची, कल्याण-पनवेल करत कर्जतला यायची आणि बोरघाट चढायची. म्हणजे १८७८ साली जे टाळायचं होतं, नेमकं तेच ती रोज करायची. नाशिक-पुणे प्रवाशांच्या दृष्टीने ते सोन्यासारखं होतं. रेल्वेच्या हिशेबात मात्र दोन घाट, बँकर, आणि वर मुंबईच्या लोकलच्या गर्दीतून काढायची वाट. पुढे ती गाडी अमरावतीपर्यंत वाढली आणि मनमाड, नगर, दौंड कॉर्ड लाईन अशा माथ्यावरच्या मार्गाने पुण्याला जाऊ लागली. विदर्भ-खानदेशाची सोय झाली. नाशिक वगळलं गेलं, कारण मनमाडपासून ते वेगळ्या वाटेवर आहे.

नाशिककरांची तक्रार रास्त आहे, पण जुनी हुतात्मा परत मागून ती सुटेल असं मला वाटत नाही. घाटातली जागा मालगाड्यांनी आणि घाटाखालची लोकलनी आधीच वाटून घेतली आहे. खरा उपाय पुणे–नाशिक थेट लाईन. ती संगमनेरवरून आखली, तर वाटेत नारायणगावजवळ खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण आली. तीस अँटेनांच्या या यंत्राला आकाशातले अत्यंत क्षीण रेडिओ संकेत टिपायचे असतात. जवळून विजेवरची गाडी धावली तर त्यात खरखर मिसळणार. शास्त्रज्ञांनी हरकत घेतली, आणि मार्ग शिर्डी-नगरच्या बाजूने वळवायचा विचार पुढे आला. त्यावर जुन्नर, नारायणगाव, संगमनेर इथली माणसं चिडली, कारण रेल्वे येणार या भरवशावर तिथे बरीच गणितं मांडून झाली होती. लाईन नगरकडून गेलीच, तर दौंड-मनमाडच्या रुळावरचा भारही बदलेल. तोवर नाशिकहून पुण्याला निघालेला माणूस एसटीच्या रांगेत उभा राहतो.