शेक आणि खाडा

आम्ही पावणे येथील औद्योगिक वसाहतीत कामगार संघटनेचे काम करीत आलो. गेटसभा घेणे हा आमचा रोजचा उद्योग आणि आवाज हे हत्यार. तो आवाज बसला. महिना उलटला तरी सुटेना. तपासणीत स्वरयंत्राचा कर्करोग निघाला. सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, किरणांचा उपचार ठरला. आपल्याकडे त्याला 'शेक' म्हणतात. त्याचा त्रास का होतो आणि तो कसा निभवावा, एवढेच आज सांगावयाचे आहे.

रामकृष्ण परमहंस 1886 साली घशाच्या कर्करोगाने गेले. क्ष-किरणांचा शोध लागला तो त्यानंतर, 1895 साली. आज परळला 1941 पासून टाटा स्मारक रुग्णालय उभे आहे आणि त्याच संस्थेचे केंद्र आपल्या जवळ खारघरलाही आहे. उपाय दाराशी आला आहे. तो पुरा करणे आपल्याकडे आहे.

किरण पेशींच्या गाभ्यावर घाव घालतात. निरोगी पेशी तो घाव पुष्कळ अंशी भरून काढतात, रोगट पेशींना ते तितके साधत नाही. म्हणून रोज थोडा थोडा शेक देतात. परंतु तोंडाचे व घशाचे अस्तर सतत नवे होत असते, त्यामुळे त्यालाही झळ लागते. पहिले दोन आठवडे फारसे काही जाणवत नाही. मग घसा सोलवटतो, लाळ आटते, चव जाते, गळ्याची कातडी काळवंडते. शेवटचे दिवस आणि नंतरचा एखाद-दुसरा आठवडा सर्वांत कठीण. पुढे हळूहळू उतार पडतो. तोंडाचा कोरडेपणा मात्र पुष्कळांना दीर्घकाळ राहतो.

पाचव्या आठवड्यात आम्ही दोन दिवस घरीच बसलो. पाण्याचा घोटही मिरचीसारखा झोंबत होता. डॉक्टरांनी समजावले, की याच सुमारास उरलेल्या रोगट पेशी जोराने वाढू पाहतात; खाडा पडला की त्यांना सवड मिळते. संपात आम्ही काम बंद पाडले आहे, पण इथे बंद पाडण्याचा फायदा केवळ रोगाला होतो, हे तेव्हा पटले.

खाडा टाळावयाचा तर त्रासाला आधीच आवर घालावा. शेक सुरू होण्यापूर्वी दात तपासून घ्यावेत. नंतर दात काढल्यास जबड्याचे हाड भरून येत नाही, असा धोका असतो. लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर मीठ व चमचाभर खायचा सोडा घालून दर दोन-तीन तासांनी चूळ भरावी. डॉक्टरांनी दिलेले वेदनाशामक औषध जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यावे. तिखट, आंबट व कढत वर्ज्य. पेज, तूप घातलेला मऊ भात, नाचणीची खीर, अंडे चालते. गळ्यावर हळद, बाम, वस्तरा किंवा ताठ कॉलर लागू देऊ नये. विडी, तंबाखू, मिश्री कायमची सोडावी. दर आठवड्यास वजन करावे. ते घटत गेले आणि नाकातून नळी घालावी लागली, तर घरच्यांनी धीर सोडू नये. बहुधा ती तात्पुरती वाट असते. गिळण्याचे व्यायाम मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू ठेवावेत. ताप आला, रक्त पडले, श्वास कोंडला किंवा पाणीही उतरेनासे झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

राहिला पोटाचा प्रश्न. पुष्कळ कामगार रोज बुडतो म्हणून शेक चुकवतात. राज्य कामगार विमा योजनेच्या दीर्घ आजारांच्या यादीत कर्करोग आहे. अटी पुऱ्या करणाऱ्या विमेदारास वेतनाच्या 80 टक्के भत्ता जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. कंत्राटी कामगारानेही आपली वर्गणी कापली जाते की नाही, हे आजच पाहावे.

आमच्या खात्यातल्या सोबत्यांनी आळीपाळीने आमच्याबरोबर येण्याची पाळी लावली होती, म्हणून उरलेले शेक पुरे झाले. आवाज अजून थोडा घोगरा आहे, पण तुमच्यापर्यंत पोहोचतो आहे. तुमच्या शेजारी कोणी असा रुग्ण असेल, तर त्याची एक पाळी तुम्ही घ्या. कामावर खाडा पडला तर तो भरून काढता येतो. शेकावर पडू देऊ नका.